मुंबईकराची लांब चाल: राजगड–तोरणा–रायगड पायी करायचं तर

दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालून येणारे मुंबईत पुष्कळ सापडतील. मॅरेथॉनवाले आहेत, पावसाळ्यात दर रविवारी कर्जत-कसाऱ्याची पहिली लोकल पकडणारे आहेत, सोमवारी रात्री घरून निघून अनवाणी सिद्धिविनायकाला जाणारे आहेत. पण रात्री कुणाच्या तरी ओसरीवर झोपायचं, सकाळी साडेसहाला तीच सॅक पाठीवर चढवायची आणि पुन्हा तेवढंच चालायचं म्हटलं की यातले बरेचजण गळतात. पहिला दिवस हौसेवर निघतो. दुसऱ्या दिवशीची सकाळ तयारीवर निघते. पुढचे सगळे सल्ले त्या सकाळीसाठी आहेत.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग चालत जाण्याला अमेरिकेत थ्रू-हाइक म्हणतात. तिकडची अ‍ॅपलाचियन ट्रेल जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत सुमारे ३५०० किलोमीटर जाते आणि ती पुरी करायला लोकांना पाच-सहा महिने लागतात. आपल्याला एवढी रजा कोण देणार! पण त्या वाटेवरच्या माणसांच्या सवयी चार दिवसांच्या चालीलाही जशाच्या तशा लागू पडतात. आणि खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच सवयी वारीत कधीपासून आहेत. ज्ञानोबांच्या पालखीचा पुण्याहून सासवडचा टप्पा घ्या. दिवेघाट चढायचा, दिवस सगळ्यात लांबचा, आणि लगेच सासवडला दोन रात्रींचा मुक्काम. मोठ्या टप्प्यानंतर पायांना सवड द्यायची, हे तिकडचे लोक ‘झिरो डे’ म्हणून सांगतात.

मुंबईकराच्या पहिल्या लांब चालीसाठी मी राजगड–तोरणा–रायगड सुचवते. दोन गड घाटमाथ्यावर, तिसरा कोकणात, मध्ये सह्याद्रीची धार आणि एक दणदणीत उतार. जायला पुणे, यायला महाड, म्हणजे दोन्ही टोकांना एसटी. चालण्याचे चार दिवस धरा. तीन दिवसांतही लोक करतात, पण मग बघणं राहतं आणि नुसतं पळणं होतं.

आठ आठवडे आधी: जिना

मुंबईत डोंगर नाही ही तक्रार अर्धीच खरी. बारा-पंधरा मजल्यांचे जिने गल्लोगल्ली आहेत. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरा (एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा), जिन्याने वर जा, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घाला आणि हलक्या सॅकने खाली या. पहिले तीन आठवडे एवढं पुरे. आठवड्यातून तीनदा, चाळीस-पन्नास मिनिटं, आणि पायात तेच बूट जे घालून तुम्ही जाणार आहात. वॉचमन दोन दिवस विचारेल, तिसऱ्या दिवसापासून सल्ले देईल.

चौथ्या आठवड्यापासून उलटं करायचं: लिफ्टने वर, जिन्याने खाली, ओझ्यासकट. चढ दमवतो, पण पाय मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, म्हणून तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतो आणि माणूस जिना आडवा उतरायला लागतो. मात्र एकदा असा दुखून बरा झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तेच काम बऱ्याच कमी तक्रारीत करतो. म्हणून हे दुखणं मुंबईतच उरकून घ्या. गुडघ्यात टोचल्यासारखं दुखत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जिना बंद, आधी डॉक्टर.

रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जाऊन चालत परत. डांबरी रस्ता आहे, कंटाळवाणा आहे, पण बूट आणि मोजे यांची पारख डांबरावरच होते.

पाचव्या आठवड्यात दोन दिवस लागोपाठ चाला. शनिवारी कान्हेरी, रविवारी भिवपुरी रोडला उतरून गार्बेट पठारावरून माथेरान आणि तिथून खाली नेरळ. शनिवारी दमून आल्यावर ‘उद्या राहू दे’ असं वाटेल. त्या वाटण्यासकट रविवारी निघायचं, कारण सराव त्याचाच आहे.

रंगीत तालीम: लोणावळा ते कर्जत, राजमाचीवरून

सहाव्या आठवड्यात पूर्ण भरलेल्या सॅकने एक रात्र बाहेर काढा. यासाठी राजमाचीसारखी सोयीची वाट मुंबईजवळ दुसरी नाही. लोणावळ्याला उतरायचं, तुंगार्लीच्या धरणावरून उधेवाडीची वाट धरायची. साधारण पंधरा किलोमीटर, चढ-उतार किरकोळ. उधेवाडीत जेवण आणि मुक्काम. सकाळी श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांपैकी निदान एक करा, आणि मग कोंढाणे लेण्यांच्या बाजूने कोंदिवड्यात उतरा. तिथून टमटमने कर्जत, कर्जतहून लोकल.

या तालमीत चार गोष्टी टिपून ठेवा. सकाळी उठल्यापासून सॅक पाठीवर येईपर्यंत किती वेळ गेला? पहिल्यांदा दीड तास जातो, तो पाऊण तासावर आणायचा असतो. रात्री अंधारात काय सापडलं नाही? पायाला कुठे घासलं? आणि सॅकमधल्या कुठल्या वस्तूला हातच लागला नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरी आल्यावर कपाटात ठेवून द्यायचं. प्रथमोपचाराची पेटी आणि पावसाळी जाकीट तेवढं याला अपवाद.

त्यानंतरचे दोन आठवडे हळूहळू कमी करत आणा. शेवटच्या आठवड्यात नुसतं चालणं.

सॅक: तराजूवर

अर्ल शेफर याने १९४८ मध्ये अ‍ॅपलाचियन ट्रेल सलग चालून दाखवली. पुढे १९५५ मध्ये एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या आजी एकट्या तीच वाट चालल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली कापडी थैली, आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. आजींसारखं जा असं मी म्हणणार नाही. पण दुकानात सात हजारांच्या सॅकसमोर उभं राहिल्यावर त्यांची आठवण काढायला हरकत नाही.

पाणी आणि खाणं सोडून बाकी सामान सहा किलोच्या आत बसवा. लगेज मोजायचा हातातला काटा मिळतो, त्याला प्रत्येक वस्तू टांगून वजन कागदावर लिहा. थंडीत घाटमाथ्यावर रात्री चांगलंच गारठतं, तेव्हा हलकी स्लीपिंग बॅग आणि कॅरीमॅट हवीच. सोलापुरी चादर घरी राहू दे. उबदार असली तरी वजनाला भारी. तंबू गावात मुक्काम असेल तर नको. चालायचे कपडे एक जोड, झोपायचा कोरडा जोड वेगळा, आणि तो झोपायचा जोड काही झालं तरी चालताना घालायचा नाही. मोजे तीन जोड्या. हेडटॉर्च, नवे सेल. टोपी, शिट्टी, दहा हजार एमएएचची पॉवर बँक. जीन्स मुळीच नको: घामाने भिजली की वाळत नाही आणि मांड्या सोलवटते. सॅकच्या आत एक जाड काळी कचऱ्याची पिशवी लावा आणि सगळं तिच्यात भरा. महागड्या रेनकव्हरपेक्षा ती जास्त विश्वासाची.

जड वस्तू पाठीला चिकटून आणि मध्यावर. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे नंतर. बहुतेक ओझं कमरेवर बसलं पाहिजे. आणि लोकलमध्ये चढताना ती सॅक छातीवर घ्या, नाहीतर डब्यातच चार शिव्या पदरात पडतील.

पाय

इथे घाई करू नका.

फोड यायला तीन गोष्टी लागतात: घर्षण, उष्णता आणि ओल. मुंबईच्या माणसाला ओल नवी नाही. पावसाळ्यात ओल्या बुटांनी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, ती कातडी कशी पांढरी आणि लुसलुशीत होते ते आठवा. घामाने भिजलेल्या मोज्यात टाचेची कातडी तशीच नरम पडते आणि मग बुटाची शिवण तिला उचलते.

फोडाच्या आधी पंधरा-वीस मिनिटं ती जागा चुरचुरते. चुरचुरली की तिथेच बसायचं. ‘पुढच्या टेपाडावर थांबू’ म्हणायचं नाही, सगळे पुढे गेले म्हणून लाजायचं नाही. बूट-मोजा काढा, पाय पुसा, दोन मिनिटं वाऱ्यावर धरा. जागा लालसर आणि बाजूच्या कातडीपेक्षा गरम लागेल. तिच्यावर सर्जिकल टेपचा तुकडा लावा, पण आधी कात्रीने त्याचे चारही कोपरे गोल कापा. चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचलतो आणि टेप गोळा होऊन स्वतःच घासायला लागतो. टेप लावल्यावर बोटाने अर्धा मिनिट दाबून धरा, अंगाच्या उष्णतेने तो बसतो. मग मोजा ओढताना सुरकुती राहिली नाही ना, तेवढं बघा.

दर दोन तासांनी बूट काढणं हा नियमच करा. दुपारी मोजे बदला, ओले सॅकच्या मागे अडकवून वाळवा. उताराआधी नाडी घोट्यापाशी घट्ट करा, नाहीतर अंगठा बुटाच्या टोकावर आपटून नख काळं पडतं. नखं निघायच्या चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. मांड्या घासत असतील तर सकाळी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल, घासायच्या आधी.

फोड आलाच आणि लहान असेल तर फोडू नका. मोठा, ताणलेला आणि चालू न देणारा असेल तर पाय साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा. वरची कातडी मात्र तशीच राहू द्या, तीच सगळ्यात चांगली पट्टी.

खाणं आणि पाणी

दिवसाला माणशी सहाशे-सातशे ग्रॅम कोरडं खाणं धरा. स्निग्धांशात ग्रॅमला नऊ कॅलरी, पीठ-साखरेत चार. त्यामुळे शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, तूप यांना सॅकमध्ये मान. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. परदेशी एनर्जी बारच्या मागे लागू नका, आपली गुळपोळी आणि दाण्याचा लाडू त्याच कामाचे आहेत.

पहिल्या दोन दिवसांना दुधातल्या दशम्या आणि लसणाची चटणी. पुढे पिठल्याचं कोरडं मिश्रण: बेसन खमंग भाजायचं, त्यात तिखट, मीठ, जिरं, हळद आणि तळलेला लसूण घालून डबा बंद. उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत पिठलं होतं. मेतकूट आणि भाजलेल्या मुगाच्या डाळीची खिचडी हे दुसरं. मासे खाणारे सुकटीची चटणी घेतील. मात्र तिला दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर स्लीपिंग बॅगेला तो वास महिनाभर राहतो. गावात जेवण मिळतं, पण आदल्या दिवशी फोन करून सांगा. ऐनवेळी आठ जण दारात उभे राहून ‘मावशी, भाकऱ्या मिळतील का?’ म्हणालात तर त्यांनी पीठ कुठून आणायचं? पैसे किती हे जेवणाआधीच विचारा आणि रोख जवळ ठेवा.

पाणी माणशी तीन लिटर सुरुवातीलाच सोबत हवं. गडावरची टाकी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरलेली असतात, फेब्रुवारीनंतर धारेवर पाणी मिळेल असं धरू नका. टाक्याचं पाणी फडक्याने गाळून उकळा किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. घाम गेलाय आणि आपण नुसतं पाणी ढोसतोय, असं करू नये. मीठही गेलेलं असतं. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घाला. घरगुती करायचं तर एक लिटर पाण्याला चहाच्या चमच्याने सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

वेळेचा हिशोब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा आजही वापरतात: तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला वरून एक तास. म्हणजे बारा किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ असेल तर सुमारे साडेतीन तास. सह्याद्रीत सॅक घेऊन, घसाऱ्यावरून (म्हणजे पाय सरकणाऱ्या उतारावरून), ग्रुपने चालताना याला दीडपट करा: पाच तास. जेवण आणि फोटो वेगळे. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तेव्हा चारला मुक्काम दिसायला हवा असा बेत आखा.

प्रत्यक्ष वाट

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी हा काळ उत्तम. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की राजगडावर दादरच्या पुलासारखी गर्दी होते, ते दिवस टाळा.

आदल्या दिवशी पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर फाटा, तिथून मार्गासनी, साखर करत गुंजवणे. पहिल्या दिवशी चोर दरवाजाने पद्मावती माचीवर चढा. दुपार गड बघण्यात घालवा. गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या. नियम बदलत असतात. नसेल तर गाव गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी गाडी करून राजगड आणि तोरण्याच्या मधल्या डांबरी रस्त्यावर यायचं. काही शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.

दुसरा दिवस राजगड ते तोरणा. संजीवनी माचीच्या बाजूने अळू दरवाजातून उतरायचं आणि डोंगराच्या सोंडेने सरळ बुधला माचीकडे. मध्ये डांबरी रस्ता आडवा जातो, म्हणजे कुणाला जमत नसेल तर सुटका तिथे आहे. वाळलेल्या गवताचा घसारा मुरमापेक्षा वाईट: पाय आडवा टाका, काठी दरीच्या बाजूला न टेकता डोंगराच्या बाजूला टेका. तोरणा सुमारे १४०० मीटर उंच. गडावर मेंगाई देवीचं देऊळ आहे, आणि कुणी थकलं असेल तर वेल्ह्यात उतरायची रुळलेली वाट आहे.

तिसरा दिवस सगळ्यात लांब: तोरण्याहून गेळगाणीमार्गे मोहरी. वाट चुकायची ती इथेच, कारण ढोरवाटा फार. गुरांची वाट रुंद आणि मोहात पाडणारी असते, पण ती चरणीपाशी किंवा पाण्यापाशी संपते. दहा मिनिटांत वाट विरळ झाली, कारवीत शिरायला लागली, की पुढे ‘निघेल कुठेतरी’ म्हणू नका. शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत या. ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर. एखादा धनगरवाडा लागला की विचारा, आणि ‘रायगड कुठे?’ असं न विचारता पुढच्या गावाचं नाव घ्या. शक्य असेल तर या दिवसासाठी गावातला वाटाड्याच घ्या.

मोहरीत संध्याकाळी रायलिंग पठारावर जा. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे रायगड. मग परत येऊन एकेकाला खरं खरं विचारा: गुडघे कसे आहेत? मोहरीपर्यंत गाडीरस्ता येतो. घाटावरून परत फिरायची ही शेवटची जागा, उद्या कड्यांमधल्या नाळेत शिरल्यावर फक्त खाली.

चौथा दिवस सिंगापूर नाळेने दापोलीत. (ही दापोली रायगडाजवळची, आंब्याची नव्हे.) बोराट्याची नाळही खाली जाते, पण ती अंगावर येणारी आहे, पहिल्या खेपेला नको. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली दगडगोट्यांनी भरलेली उतरण. धोंडा भक्कम दिसतो आणि वजन पडताच कलतो, म्हणून पाऊल टेकवा, जरा दाबा, मगच अंग टाका. एकाच्या बरोबर वर दुसऱ्याने राहायचं नाही. तिरके तिरके उतरा किंवा एकजण आडोशाला पोचेपर्यंत बाकीचे थांबा. दगड सुटला की मोठ्याने ‘दगड!’ ओरडायचं. खालच्याने वर बघायचं नाही, कड्याला चिकटायचं.

दापोलीनंतर हवा बदलते, मुंबईसारखा दमट उकाडा परत सुरू होतो. वाळणकोंडीच्या डोहातले मासे देवाचे मानतात, तिथे पाय बुडवायची हौस आवरा. पुढे रायगडवाडी आणि सुमारे ८२० मीटरचा रायगड. अंगात जोर असेल तर चढा, नसेल तर सकाळी चढा. रोपवेने उतरलात तर कुणी तुमची चाल रद्द धरणार नाही.

काही बिघडलं तर

घरी एका कागदावर रोजचा मुक्काम, सोबत्यांचे नंबर आणि ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा’ अशी ठरलेली वेळ लिहून द्या. आपत्कालीन ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा नंबर, हे तिन्ही फोनमध्ये आणि कागदावर. डोंगरात फोनची बॅटरी संपते, कागद संपत नाही.

साप चावला तर करकचून बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही. माणसाला शांत बसवा, चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा आणि लवकरात लवकर दवाखाना. आग्या मोहोळाखाली आरडाओरडा, धूर, अत्तर नको. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून लांब पळा.

बायकांसाठी एक सांगते, कारण बहुतेक याद्यांमध्ये ते नसतंच: पाळीची तारीख पुढे-मागे होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी सामान सोबत घ्या. वापरलेले पॅड दोन पिशव्यांत बांधून परत आणा, डोंगरात पुरू नका. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, आणि नंतर माती.

परत आल्यावर

पाचाडला जिजाऊंची समाधी आहे, तिथे थांबून महाड एसटी स्टँड गाठा. पनवेलमार्गे मुंबईच्या गाड्या मिळतात. रविवारी संध्याकाळी महामार्ग तुंबलेला असतो, त्यामुळे सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.

घरी पोचल्यावर स्लीपिंग बॅग गॅलरीत पसरा, बूट वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेल्या बुटांचा तळ सुटतो. दोन-तीन दिवस भूक वाढलेली राहील, खा. जिन्याचा सराव मात्र आठवडाभर बंद, नुसतं सपाटीवर फिरा. आणि वजनांचा तो कागद काढून न वापरलेल्या वस्तूंवर काट मारा, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगडाला निघताना सॅक भरायला अर्धा तास पुरेल.